कबड्डीच्या संघाची पाच कोटींची थैली

संध्याकाळच्या धारा काढून झाल्या की हल्ली आपल्याकडे घरोघरी टीव्हीवर प्रो कबड्डीचे सामने लागतात. ओतूरपासून घोडेगावपर्यंत कुठल्याही गावात जा, पुण्याचा संघ खेळत असला की पोरांबरोबर म्हातारी माणसेही ओट्यावरून उठून आत येऊन बसतात. हंगाम संपतो, करंडक कुणीतरी उचलतो आणि आपण टीव्ही बंद करून कामाला लागतो. संघ चालवणाऱ्यांचे डोके लढवायचे दिवस मात्र तिथून पुढे सुरू होतात. पुढच्या सालाला कोणता गडी ठेवायचा, कोणता सोडायचा, कोणावर किती पैसे घालायचे, हे सगळे त्या मधल्या रिकाम्या महिन्यांत ठरते.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हा प्रकार नवा वाटू नये. विठाबाईंच्या नारायणगावात तमाशाचे फड पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. जत्रा संपल्या, पाऊस लागला की फड थांबतो, पण फडमालकाची धावपळ थांबत नाही. दसऱ्याला पुन्हा फड उभा राहायचा तर ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या बाया, वगातले कलाकार यांना पावसाळ्यातच उचल द्यावी लागते. उचल दिली नाही तर गडी दुसऱ्या फडात जातो. एकाच नामांकित कलाकाराला सगळी उचल देऊन बसला, तर वग कोणाला घेऊन करणार? फडमालकाला बंधन कर्जाचे आणि येणाऱ्या सुपाऱ्यांचे. कबड्डीच्या संघमालकाकडे पैसा मुबलक असतो, पण त्याला बंधन नियमाने घातलेले आहे. तेच आज नीट समजून घेऊ. कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचा मुलगा गावच्या मंडळातून मैदानात उतरतो, आणि त्याच्या नशिबाचा काही भाग या हिशेबात अडकलेला असतो.

थैली कशाला?

प्रो कबड्डी २०१४ च्या जुलैत सुरू झाली. त्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना पाटण्याच्या संघाकडे गेला. त्या वेळी एवढी रक्कम ऐकून लोकांनी तोंडात बोटे घातली होती. २०२३ च्या लिलावाला प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्याची मर्यादा होती ५ कोटी रुपये. त्याआधीच्या वर्षी ती ४ कोटी ४० लाख होती. संघ बारा. प्रत्येकाने किमान अठरा आणि जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू ठेवायचे. जुन्यांपैकी जे राखले त्यांचे मानधन आधी या थैलीतून वजा होते, आणि उरलेल्यावर लिलावात बोली लावायची. मालक कितीही मोठा असो, थैली सगळ्यांची सारखी.

हे बंधन नसते तर दोन-तीन पैसेवाले संघ सगळे चांगले खेळाडू उचलून बसले असते आणि बाकीचे नुसते हरायला आले असते. असे सामने कोण बघणार? अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलने हे १९९४ सालीच ओळखले. (त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही; चेंडू काखेत मारून पळायचे, आणि समोरच्याने धरून पाडायचे. आपल्या पकडीचाच लांबचा भाऊ म्हणा.) त्या साली दर संघाला पगाराची मर्यादा घातली ३ कोटी ४६ लाख डॉलरची. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलरवर गेली. रक्कम आठपट झाली, पण सर्वांना एकच माप हा नियम राहिला.

आता माप सारखे असताना एक संघ वर कसा जातो आणि दुसरा तळाला कसा राहतो, ही खरी पाहण्याची गोष्ट आहे. त्यासाठी २०२३ सालासारखे दुसरे उदाहरण नाही.

सातगाव पठारावरचे बियाणे

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईत लिलाव झाला. तेलुगू टायटन्स या संघाने पवन सेहरावत या चढाईपटूवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. तोपर्यंत कबड्डीत इतकी किंमत कोणालाच मिळाली नव्हती. पाच कोटींच्या थैलीतली निम्म्याहून जास्त रक्कम एका माणसावर. उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार. किमान सतरा गडी अजून हवेत, म्हणजे डोई सरासरी चौदा लाख.

आंबेगावच्या सातगाव पठारावरच्या मंडळींना हे गणित चटकन कळेल. पावसाळी बटाट्याला एकरी सहा ते आठ क्विंटल बियाणे लागते. मंचरच्या बाजारात जालंधरकडचे बियाणे तेजीत असले की भांडवलातला मोठा वाटा तिथेच जातो. बियाणे उत्तमच हवे, त्यात वाद नाही. पण खते आणि फवारणीचे पैसे हाती राहिले नाहीत आणि श्रावणात ढग धरून करपा आला, तर त्या उत्तम बियाण्याचे काय होते ते तुम्ही दर दोन-चार वर्षांनी पाहताच.

टायटन्सचे तसेच झाले. पवनने आपले काम चोख केले. त्या हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण घेतले. पण मागे पकड करणारे कच्चे, दुसरा-तिसरा चढाईपटू जेमतेम. बावीस सामन्यांत संघ फक्त दोन जिंकला आणि बारा संघांत बारावा आला. खरे सांगायचे तर त्याआधीची दोन वर्षेही तो तळालाच होता. जमीन खडकाळ राहिली आणि महागडे बियाणे टाकून ती सुधारेल असा भरवसा धरला गेला.

यावरून तुम्ही म्हणाल की महाग गडी घेऊच नये. थांबा. त्याच लिलावात पुण्याच्या संघाने, पुणेरी पलटणने, इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. म्हणजे पुण्यानेही जवळजवळ निम्मी थैली एकावरच रिकामी केली! बाकीच्या सतरा जणांना सरासरी साडेपंधरा लाख. टायटन्सच्या चौदा लाखांत आणि या साडेपंधरा लाखांत फार अंतर नाही. आणि पुण्याचा संघ काय करून बसला? बावीसपैकी सतरा सामने जिंकून, ९६ गुण घेऊन तक्त्यात पहिला, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८–२५ ने हरवून पहिल्यांदा विजेता.

थैली सारखी आणि महाग गड्याचा दरही जवळपास सारखा, तरी एक पहिला आणि एक शेवटचा. तेव्हा फरक पडला तो बाकीच्या सतरा जणांत.

घरच्या कालवडी

पुण्याकडे ते सतरा आले कुठून, ते पाहा. नगर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, अस्लम इनामदार. नाशिककडचा आकाश शिंदे. २०१९ पासून पुण्याकडेच असलेला पंकज मोहिते. हरियाणाचा मोहित गोयत. यांतले बहुतेक पोरगेसे असताना, नाव झालेले नसताना, संघात आले. लीगच्या नियमात नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेरून घेण्याची सोय आहे. त्यांचे मानधन लिलावातल्या नामांकितांच्या मानाने थोडे असते. पुण्याने ही सोय मनापासून वापरली, युवा पलटण नावाने तरुणांची तुकडी सांभाळली, आणि मुख्य म्हणजे एक-दोन हंगाम हरूनही या पोरांना काढून टाकले नाही.

दूधधंदा करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. बाजारातून पहिल्या वेताची गाय आणायची तर किती मोजावे लागतात, आणि घरच्या गोठ्यात वाढवलेली कालवड किती खर्चात गाय होते. कालवडीला अडीच-तीन वर्षे नुसता चारा घालावा लागतो, दूध काही मिळत नाही. तेवढा दम धरवत नाही म्हणून आपण बाजार गाठतो. ज्याने दम धरला त्याच्याकडे पुढे एखादा जातिवंत वळू घ्यायला पैसे शिल्लक राहतात. पुण्याचा तो वळू म्हणजे शादलुई.

आणि तो घेण्यासाठी जागा कशी केली, तो भाग तर फार शिकण्यासारखा आहे. २०२२ मध्ये पुण्याने इराणच्याच फजल अत्राचलीवर १ कोटी ३८ लाख आणि मोहम्मद नबीबख्शवर ८७ लाख घातले होते. मिळून सव्वादोन कोटी, म्हणजे त्या सालच्या ४ कोटी ४० लाखांतला निम्म्याहून अधिक वाटा. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरशी गाठ पडली. अस्लम आणि मोहित दोघे दुखापतीने बाहेर, आणि सामना ३३–२९ ने गेला. अवघ्या चार गुणांनी! अशा वेळी माणसाला वाटते, एवढे जवळ आलो तर तेच गडी पुढे ठेवावेत. पुण्याने अत्राचलीसारख्या नाणावलेल्या बचावपटूला सोडले, आणि २०२३ च्या लिलावात तो १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला. त्याच्या जागी तेवीस वर्षांचा शादलुई आला, ज्याला पाटण्याच्या संघाने मोकळे केले होते. पोरे मात्र तीच राखली.

हंगामात शादलुईने पकडीचे ९९ गुण घेतले, त्या सालातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. सर्वांत मौल्यवान खेळाडू मात्र ठरला अस्लम इनामदार, संघाचा कर्णधार. अंतिम सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक गुण पंकज मोहितेचे. पैसे एकावर गेले, सामने दहा जणांनी काढले. आपल्या घाटात बैलगाड्याची बारी पाहिलेल्या माणसाला हे पटेल: चारांतला एकच बैल लाखमोलाचा असला आणि बाकीचे अडखळले तर सेकंद निघत नाहीत.

पुढचे साल

ही गोष्ट इथे संपली असती तर कथा-कीर्तनात शोभली असती. पण पुढचे सालही सांगितले पाहिजे. विजेता झाल्यावर पुण्याने शादलुईला राखले नाही. पोरे आता मोठी झाली होती, त्यांची नावे झाली होती, आणि थैली होती तेवढीच. २०२४ च्या ऑगस्टमधल्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. त्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला, आणि पुणे पहिल्या सहांतही आले नाही. २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामना झाला तो आपल्या पुण्यातच, आणि करंडक उचलला हरियाणाने. शादलुई त्यांच्याकडून खेळत होता. २०२५ मध्ये तोच गडी २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला.

पुण्याचे चुकले का? माझे मत विचाराल तर सरळ चुकले असे म्हणवत नाही. सर्वांना राखणे थैलीत बसत नाही, कोणाला तरी सोडावेच लागते. पाडव्याला सालगडी ठरवताना आपण काय करतो? गडी चांगला आहे, पण त्याची मागणी मान्य केली तर दुसऱ्याचे पैसे तुटतात. मग मन घट्ट करून एकाला निरोप द्यावा लागतो, आणि तो शेजारच्या बांधावर राबताना दिसला की वर्षभर चुटपुट लागते. पुण्याने पोरांवर विश्वास ठेवला, एक साल गेले. ३१ ऑक्टोबर २०२५ ला हाच संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. दिल्लीकडून ३१–२८ ने हरला, पण मुळे जमिनीत होती हे दिसले.

अमेरिकेच्या फुटबॉलमधली एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे, कारण तो फास आपल्या ओळखीचा आहे. तिथे खेळाडूशी चार-पाच वर्षांचा करार करतात आणि सहीच्या वेळी मोठी रक्कम एकदम हातात देतात. ती रक्कम हिशेबात मात्र वर्षांवर वाटून धरतात, म्हणजे यंदाच्या मर्यादेत बसते. सोपे वाटते. पण दोन वर्षांनी तो गडी बाद झाला आणि सोडला, तरी उरलेल्या वर्षांचा वाटा संघाच्या मर्यादेतून कापला जातोच. माणूस संघात नाही आणि त्याचा पैसा मात्र थैलीत जागा अडवून बसला आहे. आपल्याकडे द्राक्षबाग तोडून टाकली तरी मांडवाचे हप्ते चालू राहतात, त्यातलाच प्रकार. हंगाम संपल्यावर तिथले संघ जे महिनोन्‌महिने हिशेब करत बसतात, त्यात अर्धा वेळ या जुन्या हप्त्यांची सोडवणूक करण्यात जातो. आपल्या कबड्डीत बोली हंगामाची असते, म्हणून हा त्रास त्या प्रमाणात नाही. पण तोच नियम उलट बाजूने खेळाडूच्या घरावर पडतो.

घरी मुलगा खेळत असेल तर

आईबापांनी हे नीट ऐकावे. लिलावात पुकारलेली किंमत त्या हंगामाची असते. ती पगारासारखी जन्मभराची नाही, आणि त्यातून प्राप्तिकरही जातो. प्रदीप नरवाल हा प्रो कबड्डीत चढाईचे सर्वाधिक गुण घेतलेला खेळाडू. २०२१ मध्ये त्याची बोली १ कोटी ६५ लाखांची. पुढच्या वर्षी ९० लाख. २०२४ मध्ये ७० लाख. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. एवढ्या मोठ्या खेळाडूची चार वर्षांत ही चढउतार. नारायणगावच्या बाजारात जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला होता, आणि सप्टेंबरात तोच माल विकायला नेण्याचा खर्च अंगावर येऊ लागला. टोमॅटो तोच होता. जुलैच्या भावावर ज्याने ट्रॅक्टरचे कर्ज काढले त्याची दिवाळी कशी गेली असेल?

दुखापतीचेही तसेच. २०२२ मध्ये पवन सेहरावत २ कोटी २६ लाखांना तमिळ संघाकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामभर बाहेर बसला. तो नाव झालेला गडी, पुढच्या लिलावात त्याला आणखी भाव आला. नवख्या पोराच्या वाट्याला तसे येईलच असे नाही.

जागा किती, तेही मोजा. बारा संघ, फार तर पंचवीस जण, म्हणजे देशभरातून आणि परदेशातून मिळून तीनशे. २०२३ च्या लिलावाला पाचशेहून अधिक नावे होती. सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख, आणि बऱ्याच जणांचा सौदा मूळ किमतीलाच होतो किंवा होतच नाही. एखाद्या पोराला भाव मिळत नाही तेव्हा तो कमी पडला असेच असते असे नाही. उशिरा पुकारा झाला, तोवर संघांच्या थैल्या आटल्या होत्या, इतकेच कारण असू शकते. दुपारी आलेल्या क्रेटला सकाळचा भाव मिळत नाही. म्हणून लिलाव हुकलेल्या पोराला घरी टोचून बोलू नका.

दुसरी बाजूही आहे. नव्या तरुणांच्या सोयीतून एखाद्या संघाने थोड्या मानधनावर बोलावले तर गावात लोक म्हणतात, एवढ्याशा पैशांसाठी कशाला जातोस? त्यांना पुण्याचा हिशेब सांगा. संघाला स्वस्तातली पोरे लागतात म्हणूनच खेड्यातल्या पोराला दार उघडते. ते दोन-तीन साल त्याच्या शिकण्याचे, आणि त्यातून अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघापर्यंत पोहोचले. फक्त त्या काळात मुलाचे शिक्षण तुटू देऊ नका. रेल्वे, पोलीस, बँका यांत खेळाडूंसाठी भरती असते, तिथे शिक्षणाची अट असतेच.

करार आला तर सही करण्याआधी शिकलेल्या माणसाकडून, जमल्यास वकिलाकडून, वाचून घ्या. पैसे किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखांना मिळणार, ते पाहा. सरावात किंवा सामन्यात दुखापत झाली तर औषधपाण्याचा खर्च कोणाचा आणि राहिलेले हप्ते मिळणार की नाही, हे कागदावर आहे का ते पाहा. पुढच्या हंगामाला राखायचे की नाही हे संघ कधीपर्यंत कळवणार, आणि तोवर मुलाला दुसरीकडे खेळता येईल का, तेही विचारा. मध्यस्थ कोणी असेल तर त्याचा वाटा आधी ठरवून लिहून घ्या. आणि खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर उघडा, पासबुक त्याच्या आईच्या हाती असू द्या.